मूठभर माणसांनिशी अख्ख्या प्रांताची नावनिशी: रोमन सुभेदार हे काम करत तरी कसे?

पारिजात (धागाकर्ता)

रोमन साम्राज्याच्या कारभाराविषयी वाचताना एक प्रश्न मला सतत पडतो. सिरियासारख्या मोठ्या प्रांतावर नवा सुभेदार रुजू होई, तेव्हा त्याच्याबरोबर रोमहून आलेली माणसे अगदी थोडी असत. काही मित्र आणि सल्लागार, एखाददुसरा लेखनिक, आणि कारकुनी कामासाठी पलटणीतून काढून घेतलेले काही शिपाई, एवढाच त्याचा गोतावळा. आपण ज्याला महसूल खाते म्हणतो तसे काहीही त्याच्या हाताशी नव्हते. असे असूनही इ.स. ६ मध्ये सिरियाचा सुभेदार क्विरिनियस शेजारच्या यहुदियाची (जेरुसलेमभोवतीच्या मुलखाची) नोंदणी पार पाडतो, इजिप्तमध्ये दर चौदा वर्षांनी घरोघरची खानेसुमारी होते, आणि सम्राट ऑगस्टस आपल्या कारकिर्दीच्या वृत्तांतात रोमन नागरिकांचे आकडे हजारांपर्यंत नेमके देतो: इ.स.पू. २८ मध्ये ४०,६३,०००, इ.स.पू. ८ मध्ये ४२,३३,००० आणि इ.स. १४ मध्ये ४९,३७,०००.

ही मोजणी प्रत्यक्षात करत कोण होते? दारोदार फिरायला माणसे नव्हती, हे उघड आहे. माझे मत असे की यातले बरेचसे आकडे दरबारी अंदाज असावेत आणि सुभेदार त्यावर केवळ शिक्का मारत असावा. जाणकारांनी याविषयी सविस्तर लिहावे.

कृष्णाकाठ

प्रश्न उत्तम आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि त्या आधी सोडवून घ्यायला हव्यात. ऑगस्टसने दिलेले तीनही आकडे फक्त रोमन नागरिकांचे आहेत. ही जुनी प्रथा प्रजासत्ताकाच्या काळापासून चालत आली होती. नागरिकाने आपली मालमत्ता शपथेवर सांगायची, त्यावरून त्याचा वर्ग आणि मताचे वजन ठरायचे. प्रांतांतल्या नोंदणीचा हेतू निराळा होता. तिथली बहुसंख्य प्रजा नागरिक नव्हती; तिच्याकडून जमिनीचा कर आणि डोईपट्टी वसूल करण्यासाठी ही नोंदणी होत असे, आणि सुभेदाराचा संबंध मुख्यतः हिच्याशी होता.

नागरिकांच्या आकड्यांबाबतही मोठा वाद आहे. इ.स.पू. ७० च्या सुमाराच्या गणनेत सुमारे नऊ लाख नागरिक नोंदले गेले होते. त्यानंतर जेमतेम चाळीस वर्षांत ही संख्या चाळीस लाखांवर गेली. उत्तर इटलीतल्या पो नदीपलीकडच्या लोकांना मधल्या काळात नागरिकत्व मिळाले, हे खरे. पण एवढ्याने हा फरक भरून निघत नाही. त्यामुळे काही अभ्यासक म्हणतात की ऑगस्टसने स्त्रिया आणि मुलेही मोजायला सुरुवात केली, तर काहींचे म्हणणे असे की आकडे प्रौढ पुरुषांचेच आहेत आणि आधीच्या गणनांतून असंख्य लोक सुटले होते. मला पहिली बाजू अधिक पटते, कारण दुसरी मानली तर इटलीची लोकसंख्या फारच फुगते.

वैजयंती_प

पारिजात, तुमच्या मूळ प्रश्नाचे सर्वांत भक्कम उत्तर इजिप्तमध्ये आहे, कारण कोरड्या वाळूमुळे तिथले मूळ कागद टिकले. या खानेसुमारीचे सुमारे तीनशे अर्ज आज उपलब्ध आहेत आणि त्यांवरून पद्धत अगदी स्पष्ट दिसते. सरकार दारात येत नव्हते, लोक सरकारकडे जात होते. घरमालकाने स्वतः, किंवा पैसे देऊन लेखनिकाकडून, अर्ज लिहून घ्यायचा. त्यात घर कोणत्या वस्तीत आहे, त्यात आपला हिस्सा किती, घरात कोण राहते, प्रत्येकाचे वय काय, धंदा कोणता, अंगावर ओळखीची खूण कोणती, भाडेकरू आणि गुलाम किती, हे सगळे यायचे. अर्जाच्या प्रती गावच्या लेखनिकाकडे आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडे जात. हे लेखनिक स्थानिक होते, ग्रीक भाषेत लिहीत होते, आणि त्यांची पदे रोमन लोक येण्याच्या आधीपासूनची होती. म्हणजे सुभेदाराला नवी यंत्रणा उभारावी लागली नाही. टॉलेमी राजांनी उभारलेली यंत्रणा त्याला आयती मिळाली.

सुभेदाराचे काम हुकूम काढण्याचे होते. इ.स. १०४ मध्ये इजिप्तचा प्रांताधिपती गायस विबियस मॅक्सिमस याने काढलेला एक हुकूम सापडला आहे. घरोघरची नोंदणी सुरू झाली असल्यामुळे, कोणत्याही कारणाने आपला जिल्हा सोडून बाहेर राहिलेल्या सर्वांनी आपापल्या घरी परत जावे, नेहमीची नोंदणी पुरी करावी आणि आपल्या शेतीकडेही लक्ष द्यावे, असे त्यात बजावले आहे. ज्यांची अलेक्झांड्रियात खरोखरच गरज आहे, त्यांनी फेस्टस नावाच्या घोडदळाच्या अधिकाऱ्याकडे ती सिद्ध करून सहीचा परवाना घ्यावा, अशी सवलतही आहे. या एका कागदातून प्रांताधिपतीची खरी काळजी कळते. माणसे मोजायची तर ती आधी जागेवर असायला हवीत.

चौदा वर्षांच्या फेऱ्यालाही कारण आहे. डोईपट्टी वयाच्या चौदाव्या वर्षापासून सुरू होत असे. त्यामुळे दर चौदा वर्षांनी नोंदणी केली की प्रत्येक मुलगा करपात्र होण्यापूर्वी किमान एकदा कागदावर येतोच. दरमाणशी रक्कमही दर्जानुसार ठरत होती. अर्सिनोई जिल्ह्यात साध्या गावकऱ्याला वर्षाला ४० द्राख्मा भरावे लागत, तर त्याच जिल्ह्याच्या मुख्य शहरातील नोंदलेल्या रहिवाशाला २०. रोमन नागरिकांना आणि अलेक्झांड्रियाच्या नागरिकांना काहीच द्यावे लागत नसे. तेव्हा आपले नाव कोणत्या यादीत आहे, यावर घराचे वर्षाचे गणित अवलंबून असे.

साळुंकी

आणि एखाद्याने अर्ज दिलाच नाही तर?

वैजयंती_प

सम्राटाच्या खाजगी हिशेबाच्या खात्याची नियमावली इजिप्तमध्ये सापडली आहे. तिच्यानुसार स्वतःची किंवा घरातल्या माणसांची नोंद न करणाऱ्याची एक चतुर्थांश मालमत्ता जप्त होत असे. न नोंदलेले गुलाम तर थेट सरकारजमा होत.

वसईकर

आमच्याकडे नाताळच्या उपासनेत दरवर्षी लूकच्या शुभवर्तमानातला तो उतारा वाचला जातो, ज्यात कैसर ऑगस्टसच्या हुकुमावरून नावनिशी होते आणि योसेफ मरियेला घेऊन नासरेथहून बेथलेहेमला, म्हणजे आपला पूर्वज दावीद राजा याच्या गावी, जातो. लहानपणापासून ऐकलेले असल्याने क्विरिनियस हे नाव मला पाठ आहे, पण तो माणूस नेमका कोण होता, हे कधी कुणी सांगितले नाही. वैजयंतीताईंनी सांगितलेला मॅक्सिमसचा हुकूम वाचून असे वाटले की लूकने लिहिलेला प्रवास रोमन पद्धतीला धरूनच आहे. असे म्हणता येईल का?

कृष्णाकाठ

वसईकर, क्विरिनियसविषयी बरीच माहिती आहे. तो इ.स.पू. १२ मध्ये रोमचा कॉन्सुल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेला सर्वोच्च पदाधिकारी, होता, आशिया मायनरच्या डोंगराळ भागातल्या होमोनादी टोळ्यांना त्याने लढून वठणीवर आणले, आणि इ.स. ६ मध्ये तो सिरियाचा सुभेदार झाला. त्याच वर्षी यहुदियावर राज्य करणारा, थोरल्या हेरोद राजाचा मुलगा अर्खेलाऊस याला ऑगस्टसने पदच्युत करून गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) व्हिएन या गावी हद्दपार केले आणि यहुदिया थेट रोमच्या अमलाखाली आला. कोपोनियस नावाचा अधिकारी तिथला कारभार पाहू लागला, आणि अर्खेलाऊसच्या मालमत्तेची विल्हेवाट लावण्यासाठी व लोकांच्या मालमत्तेची नोंद करण्यासाठी क्विरिनियस स्वतः आला. यहुदी इतिहासकार जोसेफस हे सर्व सांगतो आणि ही नोंदणी अ‍ॅक्टियमच्या लढाईनंतर (इ.स.पू. ३१) सदतिसाव्या वर्षी झाली, असा काळही देतो.

अडचण इथेच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानानुसार येशूचा जन्म थोरल्या हेरोदाच्या हयातीत झाला, आणि हेरोद इ.स.पू. ४ मध्ये वारला. म्हणजे दोन वृत्तांतांत सुमारे दहा वर्षांचे अंतर पडते. हेरोदाच्या अखेरच्या काळात सिरियाचे सुभेदार कोण होते, तेही ज्ञात आहे: आधी सेंटियस सॅटर्निनस आणि मग क्विंटिलियस वारस. शिवाय इ.स. ६ ची नोंदणी यहुदियाची होती आणि नासरेथ गालीलात होते, जिथे हेरोद अंतिपास स्वतंत्रपणे राज्य करत होता.

मॅक्सिमसच्या हुकुमाचेही तसेच. तो माणसाला त्याच्या राहत्या घरी परत पाठवतो. राहते घर सोडून हजार वर्षांपूर्वीच्या पूर्वजाच्या गावी जा, असे तो सांगत नाही, आणि कर गोळा करणाऱ्याला तसे सांगून फायदाही नव्हता. मला वाटते, लूकला सर्वांच्या आठवणीत राहिलेली मोठी नावनिशी माहीत होती आणि त्याने जन्माची कथा तिच्याशी जोडली.

रानवाटा

कृष्णाकाठ यांचा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. मांडलिक राजाच्या मुलखात रोमन पद्धतीची नोंदणी होतच नव्हती, असे गृहीत धरता येत नाही. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. ३६ ची एक घटना दिली आहे. कॅपाडोशियाचा मांडलिक राजा अर्खेलाऊस (हा वेगळा अर्खेलाऊस) याच्या अमलाखालच्या क्लिटी टोळीला रोमन रीतीने मालमत्ता नोंदवून कर भरायला भाग पाडले गेले. ती माणसे टॉरस पर्वतात जाऊन बसली आणि मांडलिक राजाच्या फौजेला दाद देईनात. शेवटी सिरियाचा सुभेदार व्हिटेलियस याला मार्कस ट्रेबेलियसच्या हाताखाली चार हजार शिपाई पाठवावे लागले. मग हेरोदाच्या राज्यात अशी एखादी नोंदणी आधी झालीच नसेल, हे ठामपणे कसे सांगायचे? बेथलेहेममध्ये योसेफाची थोडी जमीन असेल, तर त्याचे तिथे जाणेही समजण्यासारखे आहे.

कृष्णाकाठ

क्लिटींचे उदाहरण महत्त्वाचे आहे आणि ते चर्चेत यायलाच हवे होते. पण त्यावरून फक्त शक्यता सिद्ध होते. हेरोदाच्या राज्यातल्या अशा नोंदणीचा उल्लेख जोसेफस कुठेही करत नाही, आणि हा लेखक हेरोदाच्या शेवटच्या वर्षांविषयी जवळजवळ महिन्यामहिन्याचा तपशील देतो. उलट इ.स. ६ च्या नोंदणीने उसळलेला क्षोभ तो असा वर्णितो की लोकांना हे सर्वस्वी नवे होते, असेच वाटते.

वसईकर

दोघांचेही आभार. तारखांचा वाद असला तरी माझ्या श्रद्धेला त्याने बाधा येत नाही, पण तो नेमका काय आहे, हे कळल्याचे समाधान आहे. त्या क्षोभाविषयी अधिक वाचायला आवडेल.

मृद्गंध

क्षोभाविषयी मी लिहितो. क्विरिनियसची नोंदणी सुरू होताच प्रमुख याजक योआझार याने लोकांची समजूत घातली आणि बहुतेकांनी निमूटपणे आपली मालमत्ता नोंदवली. पण गामाला गावचा यहूदा, ज्याला गालीली यहूदा म्हणतात, आणि सादोक नावाचा परूशी या यहुदी पंथाचा एक माणूस यांनी उघड विरोध पुकारला. त्यांचे म्हणणे असे होते की ही नोंदणी म्हणजे सरळसरळ गुलामी आहे, आणि देवाखेरीज कुणालाही धनी मानणे हे पाप आहे. कर किती, हा त्यांच्या दृष्टीने दुय्यम प्रश्न होता. ही जमीन देवाने दिलेली, तिची यादी परक्या राजाच्या दप्तरात जाणे, हीच त्यांच्या लेखी मोठी गोष्ट होती. पुढे तिबेरियस ज्युलियस अलेक्झांडर यहुदियाचा अधिकारी असताना या यहूदाच्या दोन मुलांना, याकोब आणि शिमोन यांना, क्रूसावर चढवण्यात आले. ज्या योआझारने रोमनांचे काम सोपे केले, त्यालाही क्विरिनियसने लोकांचा रोष पाहून पदावरून दूर केले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

असा असंतोष केवळ यहुदियात नव्हता. गॉलमध्ये इ.स.पू. १२ मध्ये रोमन सेनापती ड्रुससने नोंदणी केली, तेव्हाही अस्वस्थता पसरली होती. साठ वर्षांनी, इ.स. ४८ मध्ये, ड्रुससचा मुलगा सम्राट क्लॉडियस याने सिनेटपुढे केलेल्या भाषणात त्या नोंदणीची आठवण काढली. हे भाषण कोरलेला कांस्यपट १५२८ मध्ये लिआँ शहरात सापडला. माझे वडील जर्मनांशी लढत असताना गॉल लोकांनी पाठीमागे शांतता राखली, आणि तीही नोंदणीसारखे त्यांना अनोळखी काम चालू असताना, असे तो कौतुकाने म्हणतो. पुढे तो हेही सांगतो की आपली साधनसंपत्ती जाहीरपणे कळावी, एवढाच हेतू असूनही हे काम किती कठीण आहे, ते आम्ही आता अनुभवाने शिकत आहोत. खुद्द सम्राटाने दिलेली ही कबुली पारिजात यांच्या प्रश्नाला जवळून भिडते.

साळुंकी

हे सगळे प्रामाणिक सुभेदार गृहीत धरून चालले आहे. ज्याच्या हातात यादी, त्याच्या हातात पैसा, हे सुभेदारांनाही ठाऊक होते. सिसिलीत प्रत्येक शहर दर पाच वर्षांनी आपले दोन नोंदणी अधिकारी निवडत असे. इ.स.पू. ७३ ते ७१ या काळात तिथे सुभेदार असलेल्या व्हेरेसने या नेमणुका स्वतःकडे घेतल्या आणि बेटावरची अशी १३० पदे उघडपणे विकली, असा त्याच्यावर खटला चालवणाऱ्या सिसेरोचा आरोप आहे. पैसे देऊन पद मिळवलेल्यांनी मग श्रीमंतांच्या मालमत्ता कमी दाखवल्या आणि गरिबांच्या फुगवल्या. त्याच्यानंतर आलेल्या मेटेलसने ती अख्खी नोंदणी रद्द केली आणि आधीचीच ग्राह्य धरली. हे फिर्यादी पक्षाचे म्हणणे आहे, हे लक्षात ठेवायला हवे. परंतु उत्तराधिकाऱ्याने नोंदणी रद्द केली, ही बाब सिसेरो सहज रचू शकला नसता.

गॉलमधला लिसिनस तर याहून वरचढ. हा मूळचा गॉलच, गुलाम म्हणून आलेला, मग मुक्त झालेला, आणि ऑगस्टसने त्याला तिथल्या वसुलीवर नेमले. कर महिन्याच्या हिशेबाने होता, म्हणून त्याने वर्षाचे चौदा महिने केले. डिसेंबर म्हणजे नावाप्रमाणे दहावा महिना, तेव्हा त्यानंतर आणखी दोन महिने भरायला हवेत, असे त्याने लोकांना ऐकवले. तक्रारी ऑगस्टसपर्यंत पोचल्या, तेव्हा लिसिनसने जमवलेली संपत्ती त्याच्यापुढे ठेवली आणि हे सारे तुमच्याचसाठी गोळा केले, असे सांगून तो सुटला. इतिहासकार कॅसियस डिओने ही हकिकत दिली आहे.

रानवाटा

थोडे अवांतर, पण प्राचीन जगाचाच विषय आहे म्हणून लिहितो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात याच प्रश्नाचे वेगळे उत्तर आहे. तिथे पाच किंवा दहा गावांमागे गोप नावाचा एक अधिकारी नेमावा, त्याने शेते, घरे, करदाती आणि करमुक्त कुटुंबे, शेतकरी, गवळी, व्यापारी, कारागीर, दास, एवढेच काय तर दोन पायांचे आणि चार पायांचे प्राणीही नोंदवावेत, असे सांगितले आहे. त्यावर ‘स्थानिक’ नावाचा अधिकारी आणि त्याच्यावर महसुलाचा प्रमुख समाहर्ता अशी उतरंड आहे, आणि गोपाची नोंद खरी आहे की नाही, हे पाहायला गुप्तहेर आहेत. ग्रीक वकील मेगॅस्थनिसनेही पाटलीपुत्रात जन्ममृत्यूची नोंद ठेवणाऱ्या मंडळाचा उल्लेख केला आहे. अर्थशास्त्र हा आदर्श सांगणारा ग्रंथ आहे, त्यामुळे प्रत्यक्षात किती घडले, हा स्वतंत्र विषय ठरतो. चीनमध्ये मात्र हान राजवटीत इ.स. २ मध्ये एक कोटी बावीस लाखांहून अधिक कुटुंबे नोंदली गेली. रोमनांकडे असे संपूर्ण साम्राज्याचे एकत्रित आकडे कधी दिसत नाहीत.

पारिजात

रानवाटा यांचे गुप्तहेर वाचून मी मूळ मुद्द्याकडे परत येतो. लोक स्वतः लिहून देत होते, हे मला पटले. पण मग ते खरे लिहीत होते, याची खात्री सुभेदार कशी करत होता? गोपासारखा माणूस त्याच्याकडे नव्हता. माझी शंका अजून तिथेच आहे.

वैजयंती_प

याचे उत्तर एका स्त्रीच्या कागदांत मिळते. मृत समुद्राच्या दक्षिणेकडील माओझा गावात बाबाथा नावाची यहुदी स्त्री राहत होती. तिच्या खजुराच्या बागा होत्या. हा भाग इ.स. १०६ पासून रोमच्या अरबस्तान प्रांतात होता. १३२ मध्ये रोमविरुद्ध यहुद्यांचे बार कोखबाचे बंड पेटल्यावर ती पळाली आणि आपली कागदपत्रे चामड्याच्या पिशवीत बांधून तिने नाहल हेवेर येथील एका गुहेत ठेवली. १९६१ मध्ये पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादिन यांच्या पथकाला ती तशीच सापडली.

त्यात डिसेंबर १२७ चा तिचा नोंदणी अर्ज आहे. आरंभी सुभेदार टायटस अनिनियस सेक्स्टियस फ्लोरेंटिनस याच्याकडून प्रांताची नोंदणी चालू असल्याचा उल्लेख आहे. पुढे ती एकेक बाग नावानिशी सांगते. बागेचा आकार तिच्यात किती जव पेरले जातील, या मापाने दिला आहे, कर किती खजूर आणि कोणत्या जातीचे, ते लिहिले आहे, आणि मग शेजारी कोण, रस्ता कुठे, समुद्र कोणत्या बाजूला, अशी चतुःसीमा येते. तिला लिहिता येत नव्हते, म्हणून तिच्या वतीने तिचा पालक यहुदानेस याने लिहिले, आणि आपण खरे सांगत आहोत, अशी तिने सम्राटाच्या दैवाची शपथ घेतली. प्रिस्कस नावाच्या घोडदळाच्या अधिकाऱ्याने ४ डिसेंबरला अर्ज स्वीकारल्याची लॅटिन सही केली. मूळ प्रत राब्बाथ शहरातल्या बॅसिलिकेत, म्हणजे सार्वजनिक सभागृहात, लावलेली होती आणि बाबाथाकडची प्रत तिच्यावरून ताडून घेतलेली होती.

आता पारिजात यांची शंका या अर्जाशेजारी ठेवून पाहा. शेजाऱ्यांची नावे अर्जात आहेत आणि अर्ज चारचौघांत लावलेला आहे. शेजाऱ्याच्या अर्जातही याच हद्दी येणार. एकाने बांध सरकवला, तर दुसऱ्याच्या कागदाशी तो जुळणार नाही. उल्पियन या कायदेपंडिताने सांगितलेल्या नमुन्यातही शेताचे नाव, गाव, दोन जवळचे शेजारी, गेल्या दहा वर्षांत पेरलेली जमीन, द्राक्षवेलींची आणि ऑलिव्हच्या झाडांची संख्या, गुलामांचे वय आणि कसब, हे सगळे मागितले आहे. वयाचेही महत्त्व होते, कारण सिरियात पुरुषांना चौदाव्या आणि स्त्रियांना बाराव्या वर्षापासून पासष्टाव्या वर्षापर्यंत डोईपट्टी लागू होती. झाड तोडले असेल, तर नोंदणी अधिकाऱ्यापुढे त्याचे कारण द्यावे लागे. गुप्तहेराचे काम इथे शेजारीच करत होते, आणि त्यासाठी सुभेदाराला एक पैही मोजावी लागत नव्हती.

जाता जाता सांगते, या फ्लोरेंटिनसची कबर पेट्रात डोंगरात कोरलेली आजही पाहता येते.

मृद्गंध

शहरांच्या बाबतीतही असाच पुरावा आहे. क्विंटस एमिलियस सेकंडस या अधिकाऱ्याच्या शिलालेखात त्याने क्विरिनियसच्या हुकुमाने सिरियातील अपामिया शहराची नोंदणी केली आणि तिथे १,१७,००० नागरिक होते, असे कोरलेले आहे. हा दगड बनावट असल्याचा संशय बराच काळ घेतला गेला, पण १८८० मध्ये त्याचा हरवलेला भाग व्हेनिसमध्ये सापडला आणि संशय मिटला. एका मोठ्या शहरासाठी एक अधिकारी नेमला जातो, याचा अर्थच असा की तपशिलाचे काम त्या शहराच्या स्वतःच्या दप्तराने केले असणार.

पारिजात

केवळ अंदाज होते, हे माझे म्हणणे इजिप्त आणि अरबस्तानापुरते तरी टिकत नाही, हे आता दिसते. एक शेवटचा प्रश्न. ही पद्धत पुढे किती काळ चालली?

कृष्णाकाठ

इजिप्तमधल्या चौदा वर्षांच्या फेऱ्यातली शेवटची ज्ञात नोंदणी इ.स. २५७-५८ ची आहे. त्याआधीच लोक गाव सोडून पळू लागले होते. हा आजार तसा जुनाच. नीरोच्या काळातही सहा गावांच्या वसुली कारकुनांनी प्रांताधिपती बाल्बिलसकडे अर्ज करून गावे ओस पडल्याचे आणि वसुलीला माणसेच उरली नसल्याचे कळवले होते. सम्राट डायोक्लिशनने सारी व्यवस्था नव्याने बांधली. मार्च २९७ मध्ये इजिप्तचा प्रांताधिपती अरिस्टियस ऑप्टाटस याने हुकूम काढून जमिनीच्या प्रतीनुसार दर एकरी किती आणि दर माणशी किती, याचे नवे कोष्टक जाहीर केले.

आणि मग पारिजात यांनी धाग्याच्या सुरुवातीला अशक्य ठरवलेली गोष्ट, म्हणजे सरकारी माणसांनी दारोदार फिरून मोजणे, खरोखर घडली. डायोक्लिशननंतरचा सम्राट गॅलेरियस याच्या काळातल्या नोंदणीचे लॅक्टँशियस या लेखकाने केलेले वर्णन आहे. नोंदणी अधिकारी शेत ढेकळाढेकळाने मोजत, वेली आणि झाडे गणत, जनावरे लिहून घेत, शहरांच्या चौकांत लोकांना कुटुंबकबिल्यासह उभे करत. मुलांना बापाविरुद्ध आणि गुलामांना धन्याविरुद्ध बोलते करण्यासाठी फटके दिले जात. लहानांची वये वाढवून आणि म्हाताऱ्यांची कमी करून लिहिली जात, म्हणजे दोघेही करपात्र ठरत. लॅक्टँशियस ख्रिस्ती होता आणि गॅलेरियसने ख्रिस्ती लोकांचा छळ केला होता, त्यामुळे त्याच्या लेखणीत वैर आहे, हे मान्य करून वाचावे लागते. तरीही वये फिरवण्याचा तपशील मला खरा वाटतो, कारण वयाच्या त्या दोन टोकांशीच कराचे पैसे अडकलेले होते.